रिकामा निवारा

"माझी माणसं काल संध्याकाळी कुठे गेली होती, तेवढं शोधून द्या," निवाऱ्याच्या व्यवस्थापिका दारातूनच म्हणाल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत.

वहिनींनी त्यांना बसवलं. वहिनी पूर्वी कोर्टात लघुलेखिका होत्या. माणूस बोलताना कुठे अडखळतो, हे टिपून टिपून त्यांचे कान तयार झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी खाजगी तपास सुरू केला. सोबतीला धाकटे दीर होते. फोटो स्टुडिओ बंद पडल्यापासून भाऊजी त्यांच्याबरोबर हिंडत आणि दर वेळी आधी चुकीच्या माणसाला धरत.

मावशींनी हकीकत सांगितली. जकातीच्या जुन्या गोदामात शहरातल्या बेघरांचा निवारा होता. राज्याच्या नव्या अंदाजपत्रकात अशा ठिकाणी पक्की इमारत द्यायची तरतूद होती, निम्मा खर्च राज्याचा, निम्मा नगरपालिकेचा. गरज खरी आहे का, ते बघायला काल पथक आलं. मावशी दुपारपासून मुख्याधिकाऱ्यांच्या कचेरीत होत्या. संध्याकाळी पथकाला घेऊन निवाऱ्यात शिरल्या, तर आत चिटपाखरू नाही! नुसत्या घड्या घातलेल्या चादरी.

"जेवायच्या वेळेला सगळी परत आली. कुठे होतात विचारलं, तर म्हणे फिरायला. एवढ्या थंडीत? पथक उद्या सकाळी जातंय हो. गरज नाही असं लिहून गेलं, की हे गोदामही जाईल."

"नगरसेवकाचं काम!" भाऊजी म्हणाले. "त्याला तिथं गाळे बांधायचेत."

"भाऊजी, आधी चप्पल तरी घाला," वहिनी म्हणाल्या.

निवाऱ्यात कोपऱ्यातल्या गॅसवर चहा उकळत होता. कुणीच काही सांगेना. एक आजी चादर शिवत जुनं गाणं गुणगुणत होत्या. डोळे सुजलेले, पण चेहरा खुललेला.

"आजी, रडलात का?"

"थंडीनं पाणी येतं बाई," आजी म्हणाल्या आणि पुन्हा गुणगुणू लागल्या.

खिडकीशी एक उंच म्हातारा बसला होता. त्याला सगळे ऑपरेटर म्हणत. बंद पडलेल्या टॉकीजमध्ये तो उभी हयात मशीन चालवत होता. टॉकीज गेली आणि तिच्या मागची खोलीही गेली. त्याची दोन बोटं काळी पडली होती.

"हे काय लागलं?"

"शेगडी पेटवली," तो म्हणाला आणि हात खिशात घातला.

नगरसेवकानं लपवाछपवी केली नाही. "निवारा नकोच आहे मला. पण हाकलायचंच असतं तर ढोल वाजवून हाकललं असतं. मतं मिळतात त्यात! आणि माझं ऐकतंय कोण पालिकेत? पुतणीच्या लग्नाला ती पालिकेनं जप्त केलेली टॉकीज मागितली, तर किल्ली दिली नाही मुख्याधिकारी साहेबांनी."

मुख्याधिकारी थकलेले दिसले. "राज्य म्हणतं बेघर तुमची जबाबदारी, आम्ही म्हणतो तुमची. पक्की इमारत झाली, की निम्मा खर्च कायमचा आमच्या गळ्यात. तरी मी पथकाला बोलावलंच ना? मावशी दुपारभर माझ्यासमोर होत्या. दोनदा उठल्या, मीच बसवून घेतलं. कागद पुरे व्हायला हवे होते."

"मग माणसं गेली कुठे?"

"कुणी हाकललं नाही एवढं नक्की. आपल्या मनानं गेली, रमली असतील कुठेतरी."

परत येताना टॉकीज लागली. भाऊजींचे पाय आपोआप थांबले. तिकिटाच्या खिडकीची जाळी गंजली होती.

"वहिनी, पुढच्या बाकड्यांवर बसायचो आम्ही. मान अवघडायची. दादा मध्यंतरात मला खांद्यावर घेऊन बाहेर आणायचा." त्यांनी दारावरून हात फिरवला. "दार धुळीनं माखलंय, पण कुलपावरचं सील बघा कसं लालभडक आहे. चांगली लाख वापरतात पालिकेत."

वहिनींनी सीलवरून बोट फिरवून बघितलं.

"भाऊजी, सगळ्यांना इथंच बोलवा. आणि साहेबांना म्हणावं, किल्ली घेऊन या."

उन्हं कलताना सगळे टॉकीजसमोर जमले.

"रडून आलेला आणि तरीही खूश असलेला माणूस कुठून येतो?" वहिनींनी सुरुवात केली. "सिनेमाहून. आजींचे डोळे बघितले आणि गाणं ऐकलं, तेव्हा मला ते सुचलं. मग ऑपरेटरची बोटं. शेगडी म्हणाले, पण निवाऱ्यात गॅस आहे. ती काजळी सिनेमाच्या जुन्या मशीनमध्ये उजेडासाठी जळते त्या कार्बनच्या कांडीची. काल इथे खेळ झाला."

"मग नगरसेवकानंच..." भाऊजी म्हणाले.

"त्यांना लग्नालाही किल्ली मिळाली नाही. कुलूप उघडून पुन्हा सील लावणं पालिकेच्याच हातात. भाऊजींना लालभडक दिसलं ते कालचं सील. दुपारभर मावशींना अडवून कुणी ठेवलं? आणि माणसं रमली होती, हे तुम्हाला कसं कळलं, साहेब?"

मुख्याधिकाऱ्यांनी खिशातून किल्ली काढून वहिनींच्या हातात ठेवली.

ऑपरेटर एकदम पुढे आला. "साहेब म्हणाले पाहणी उद्यावर गेली. शेवटच्या खेळाची रिळं आतच आहेत, एकदा लावून बघ. सीलबंद जागा आहे, कुणी बोललं तर तुझ्यावर येईल. म्हणून हे सगळे गप्प राहिले." तो मावशींकडे वळला. "मावशी, मशीनचा आवाज ऐकायला मिळतोय एवढंच मी बघितलं हो. यांचं छप्पर जाईल हे ध्यानातच आलं नाही."

मावशींनी त्याचा काळा हात धरला.

"पोलीस पाठवून जागा रिकामी करता आली असती," मुख्याधिकारी म्हणाले. "हिंमत झाली नाही. वडील मला इथं आणायचे. वाटलं, निदान दोन घटका सुखात बसतील. निम्मा वाटा कुठून आणू, या काळजीनं वर्षभर झोप नव्हती मला."

"पथक अजून विश्रामगृहात आहे," वहिनी एवढंच म्हणाल्या.

मुख्याधिकारी स्वतः तिथे गेले आणि सगळं कबूल केलं. दिवेलागणीला पथकप्रमुख बाई निवाऱ्यात आल्या, तेव्हा बसायला जागा नव्हती.

"चौकशी होईल तुमची," त्या मुख्याधिकाऱ्यांना म्हणाल्या. "शिफारस मी करते. पालिकेचा वाटा?"

"खुर्चीवर आहे तोवर सभागृहात भांडून घेईन."

बाई आजींशेजारी टेकल्या. "कसा होता सिनेमा?"

"शेवट नीट बघितलाच नाही," आजी म्हणाल्या. "उशीर झाला म्हणून मावशी रागावतील, हीच धास्ती. मालक गेल्यापासून माझ्यावर रागावणारं कुणी उरलंच नव्हतं बघा. धावतच आले."

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि आजींचं बोलणं ऐकत तिथेच बसून राहिल्या.