उत्तर दरवाजावरची आठ अक्षरे

शीलुंग किल्ल्यावर पहाट फुटली तेव्हा दरीतले धुके तटापर्यंत चढले होते. त्या धुक्यातही उत्तर दरवाजावरची आठ काळीभोर अक्षरे दुरून वाचता येत होती. राजपुत्राला विष कोणी दिले, ते सेनापतीला विचारा, असा त्यांचा अर्थ होता. पहारेकऱ्यांनी घागरीच्या घागरी ओतल्या, पण शाई लाकडात मुरली होती.

चीनमधल्या तांग राजवटीच्या पडत्या काळातली ही हकीकत. प्रांताचा अल्पवयीन राजपुत्र महिन्यापूर्वी अकस्मात वारला होता आणि सारा कारभार सेनापती हान ज्वे याच्या हाती गेला होता. दुपारपर्यंत लिहिणारा सापडला नाही, तर दफ्तरातल्या बेचाळीसही लेखनिकांची गर्दन मारली जाईल, असे त्याने फर्मावले आणि अक्षर ओळखण्यासाठी वृद्ध आचार्य वेन शूचींना बोलावणे धाडले. लेखनिकांपैकी बहुतेक त्यांच्याच हाताखाली शिकले होते.

आचार्यांनी दरवाजाकडे एकदाच पाहिले. अक्षर लू यिंगचे होते. मृत राजपुत्राला मुळाक्षरे शिकवणारी, आता सेनापतीची चिटणीस असलेली त्यांची ही शिष्या दरबारी अक्षरातच लिहीत असे. हे धावते वळण त्यांनी फक्त तिला दिले होते. शाई घोटायची शिळा घेऊन ती सेनापतीच्या आसनामागे उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"हे अक्षर माझे आहे," आचार्य म्हणाले.

"आपले अक्षर आम्ही शिलालेखांवर रोज पाहतो," सेनापती शांतपणे म्हणाला. "हे ते नव्हे."

आचार्यांनी कागद व कुंचला मागवला. लू यिंगचा हात हातात धरून जे वळण त्यांनी वर्षानुवर्षे गिरवून घेतले होते, त्याच वळणाने त्यांनी तीच आठ अक्षरे लिहिली. कागद दरवाजाशी धरला गेला, आणि तिथे जमलेल्या साऱ्या मानकऱ्यांनी माना खाली घातल्या. रेघेचाही फरक नव्हता.

लू यिंग एक पाऊल पुढे आली. तिला काय बोलायचे होते, ते आचार्यांनी ओळखले.

"आज्ञापत्राला शाई लागेल, लू यिंग," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले. "घोटायला घे."

तिने शाई घोटली. सेनापतीने शिरच्छेदाची आज्ञा सांगितली आणि तिने ती दरबारी अक्षरात उतरवली. तिसऱ्या प्रहरी आचार्यांचा वध झाला. बेचाळीस लेखनिक घरी परतले.

सेनापतीने दरवाजाच्या फळ्या जाळून टाकल्या. पण निनावी मजकुराकडे ज्यांनी कानाडोळा केला असता, त्यांनीही आता तो खरा मानला, कारण वेन शूची खोटे बोलत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. अकराव्या महिन्यात किल्ल्याच्याच शिबंदीने हान ज्वे याला कैद केले.

नव्या अधिपतीने दरवाजापाशी आचार्यांचा स्मृतिस्तंभ उभारला, तेव्हा लू यिंगने भर दरबारात खरी हकीकत सांगितली. पुरावा म्हणून ती आठ अक्षरे लिहूनही दाखवली. दरबाराने ती कौतुकाने पाहिली. गुरूची नक्कल उत्तम साधली आहे, असे अधिपती म्हणाला. मात्र मृताचे श्रेय घेऊ पाहणाऱ्या बाईला चिटणिशीवर ठेवणे उचित नाही, असेही त्याने त्याच बैठकीत लिहवून घेतले.