जागा राखून ठेवली आहे

दुकानाचं शटर उघडायचं, कॉम्प्युटर चालू करायचा, एक पत्र सगळ्यांना पाठवायचं आणि जेवायला घरी परतायचं. काम एवढंच होतं. सोलापुरातली वैशाखातली दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. बसूनं कुलपाला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. अण्णा गेला त्या दिवशी लावलेल्या त्या कुलपाला नंतर कुणी शिवलं नव्हतं.

अण्णा म्हणजे मल्लिनाथ, त्याचा थोरला भाऊ. दोघं मिळून पाण्यातल्या मोटरी दुरुस्त करायचे. हात बसूचे, डोकं अण्णाचं. लॉकडाऊनमध्ये उजनीकाठच्या शेतकऱ्यांना दुकानापर्यंत येता येईना, तेव्हा अण्णानं 'मोटरकट्टा' नावाची वेबसाइट काढली. शेतकऱ्यानं मोटरीचं दुखणं तिथं लिहायचं, अण्णानं आपल्या आवाजात उत्तर भरून पाठवायचं. प्रत्येक उत्तराची सुरुवात ठरलेली असायची. "ऐका काका, घाई करू नका…"

ते आवाज अजून तिथंच होते. अण्णाला लिंगायत रिवाजानं मातीत बसवून आल्यापासून बसू रोज कानात वायर घालून तेच ऐकत झोपायचा. कुणाच्या स्टार्टरचं, कुणाच्या केबलचं, त्याला काही फरक पडत नव्हता. आवाज अण्णाचा होता.

आणि आता ते सगळं पुसलं जाणार होतं. कट्ट्यावर हल्ली कुणी फिरकत नव्हतं. वेबसाइटला जागा देणाऱ्या कंपनीनं कळवलं होतं, की महिनाअखेरीपर्यंत सभासद परत बोलते झाले नाहीत तर कट्टा बंद.

भुवनेश्वरी वैनीनं उपाय काढला. दोन वाक्यांचं पत्र लिहून तिनं ते बसूच्या फोनवर टाकलं. खूप दिवसांत कट्ट्यावर दिसला नाहीत, काही अडचण असेल तर लिहा. "जे गप्प झालेत त्यांची नावं एका बाजूला दिसतात," ती म्हणाली. "त्या सगळ्यांना एकदम मेल जातो. पण भावजी, आधी पाठवणाऱ्याचं नाव बदला. तिथं अजून ह्यांचंच नाव हाय. आणि मी लिवलंय तेवढंच टाका. या-बिया काय म्हणू नका."

तो शेवटचा बोल कुठून आला ते बसूला ठाऊक होतं. आदल्या दिवशी सिद्धाप्पा काका भेटायला आले होते. अण्णा गेला तो त्यांच्याच मोटरीवर. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं, तशी मोटर पुढं पुढं न्यावी लागते. काकांनी हाक मारली म्हणून अण्णा गाळात उतरला, आणि वर आला तो पाइप धरलेला त्याचा देहच. काका दारात बसून नुसते रडले. उठून निघाले तेव्हा बसूच्या तोंडून सवयीनं गेलं, "या काका."

अव्वानं, त्याच्या आईनं, चपळाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"सुतकाच्या घरातनं कुणाला या म्हणत न्हाईत," ती हळू आवाजात म्हणाली. "गेलेला अजून दाराशीच असतोय. या म्हणणारा तू, पण बोलावणं त्याचं होतंय."

"काय पण अव्वा," बसू हसला होता. सिद्धाप्पा काका मात्र हसले नाहीत. मागं न बघता निघून गेले.

दुकानात कोंदट उकाडा होता. कोपऱ्यात काकांची ती मोटर पडली होती, त्याच दिवशी आणून टाकलेली, अंगावर वाळलेला गाळ घेऊन. तिच्याकडं पाठ करून बसू कॉम्प्युटरपुढं बसला. सातवीत शाळा सोडलेला पोरगा. डोळे झाकून मोटरीत तार भरेल, पण एका बोटानं एकेक अक्षर शोधताना त्याला घाम फुटायचा. वैनीचं पत्र त्यानं जागेवर आणलं आणि वाचलं. त्याला ते लाइट बिलासारखं कोरडं वाटलं. असल्या पत्रानं कोण परत येईल? अण्णाचा आवाज टिकायचा तर लोकांच्या काळजाला हात घालायला पाहिजे. त्यानं खाली स्वतःचं वाक्य जोडलं.

'तुमची जागा राखून ठेवली आहे. या. मी वाट बघतोय.'

वाचून त्याचे डोळे भरून आले. त्याच भरात त्यानं बटण दाबलं. पाठवणाऱ्याचं नाव बदलायचं राहून गेलं.

थोडा वेळ नुसता पंखा फिरत होता. मग पडद्यावर एका नावापुढं हिरवा ठिपका लागला. मोडनिंबचे महिपती पाटील. त्यांनी एकच शब्द लिहिला होता.

'येतो.'

मग माळशिरसचे कुणी. 'येतो.' मग एकामागून एक ठिपके लागत गेले. बसूला हसूही येत होतं आणि रडूही. कट्टा वाचला होता. पुढची नावं वाचता वाचता मात्र त्याचं हसू थांबलं. कुणीच मोटरीचं विचारत नव्हतं. कुणी नमस्कार घातला नव्हता, की मल्लूचं ऐकून वाईट वाटलं म्हणालं नव्हतं. सगळ्यांनी तेवढंच लिहिलं होतं. येतो.

फोन वाजला. सिद्धाप्पा काका.

"बसू, मल्लूचा मेल आलाय की रं मला."

"मी पाठवलाय काका. नाव बदलायचं राहिलं."

"व्हय का," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात झोपेतून उठल्यासारखं काहीतरी होतं. मागं पाण्याची चुबुकचुबुक ऐकू येत होती. "मी आपलं येतो म्हणून लिवलं. म्हनलं, मी हाक मारल्यावर पोरगं लगेच आलतं. आता त्यानं बोलावल्यावर मी न्हाय कसं म्हणू?"

"काका, तुम्ही कुटं हाय?"

"पाण्यावर. पाणी लई मागं सरलंय आज."

"बाहेर या काका. गाळात उतरू नका."

"आरं, उतरायचं काय त्यात. मल्लू हितंच उभा हाय की. पाइप धरून."

पाण्याचा आवाज जवळ आला. खूप जवळ, जणू कुणी फोन कमरेपर्यंतच्या पाण्यातून नेतंय. आणि त्या आवाजात मिसळलेला, ओला, सावकाश, रोज उशाशी ऐकलेला तो आवाज…

"ऐका काका… घाई करू नका…"

फोन बंद झाला.

लाइट गेली. पंखा थांबत थांबत थांबला. त्या कोरड्याठाक दुकानात गाळाचा वास पसरला, तळ उघडा पडल्यावर येतो तसला. बसूनं मागं वळून बघितलं. मोटरीवरचा वाळलेला गाळ काळा, ओला झाला होता. खालच्या फरशीवर पाणी सावकाश पसरत होतं.

शटर उघडं टाकून तो पळाला. मोटारसायकल कशी आणली ते त्याला कळलं नाही. घरी वैनी धान्य निवडत बसली होती.

"नाव बदललं होतं ना?" तिनं त्याच्या तोंडाकडं बघत विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.

"आणि?"

"या म्हणलो."

वैनीच्या हातातलं सूप खाली पडलं. फोन घेऊन आधी तिनं स्वतःला आलेला तो मेल न उघडता पुसून टाकला. मग सगळ्यांना दुसरं पत्र लिहिलं: येऊ नका, ते पत्र चुकून गेलं. बसू काकांना फोन लावत राहिला. रिंग वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. वैनीचं दुसरं पत्र कुणीच उघडलं नाही. पहिल्याला उत्तरं येतच राहिली. अव्वा उंबऱ्याच्या आत विभूतीची वडी हातात घेऊन बसली होती. ती कुणाशी बोलत नव्हती, बाहेर बघत नव्हती.

दिवस कलताना सिद्धाप्पा काकांचा पुतण्या, गुरप्पा, याचा फोन आला.

"काका गेलं," तो म्हणाला.

"गुरप्पा?"

"मी स्वतः बुडी मारली बसू. काका तरंगत नव्हतं. तळाला बसलं होतं. मांडी घालून, ताठ. आपल्यात मातीत बसवतात ना… तसं. हात मांडीवर."

बसूनं फोन स्पीकरवर टाकला.

"आणि शेजारी…" गुरप्पाचा आवाज बारीक झाला. "शेजारी गाळात खड्डे हायेत. एका माणसानं बसावं एवढे. हातानं कोरल्यासारखे, कडा साफ केलेले. ओळीनं गेलेत आत, खोल पाण्याकडं. मी शेवटपर्यंत गेलो न्हाय."

बसूला पडद्यावरचे ते हिरवे ठिपके आठवले. तेही एकाखाली एक, ओळीनंच होते.

वैनीनं त्याला हाताला धरून खाली बसवलं. "ज्यांनी लिवलंय त्यांना फोन लावू. एकेकाला. पाण्याकडं जाऊ नका म्हणून सांगू." तिनं कट्टा उघडला. वर कंपनीचा निरोप आला होता. अभिनंदन, आपला समूह पुन्हा सक्रिय झाला आहे, तो बंद केला जाणार नाही. निरोपाखाली नावांची रांग होती. ती बोटानं वर सरकवत शेवटच्या नावापाशी पोचली आणि थांबली.

"भावजी, तुमचं पण खातं होतं?"

होतं. अण्णानंच उघडून दिलं होतं. म्हणाला होता, एक दिवस तू पण उत्तरं देशील. बसूनं ते कधी उघडलंच नव्हतं. उघडायचा शब्द फक्त अण्णाला माहीत होता. म्हणजे गप्प बसलेल्यांत त्याचंही नाव होतं. पत्र त्यालाही गेलं होतं.

त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका होता. लिहिलेलं काही नव्हतं. आवाज भरलेला होता.

"नको लावू," अव्वा दाराकडून म्हणाली. दिवसभरात ती पहिल्यांदाच बोलली.

पण बसूचं बोट आधीच टेकलं होतं. आधी पाणी ऐकू आलं, नुसतं पाणी. मग, लहानपणी अण्णानं हाक मारल्यावर खेळ टाकून पळत सुटताना द्यायचा तसा ओ देत, धाप लागलेला बसूचा स्वतःचा आवाज.

"आलो की अण्णा… पोचलोच."