पिशवीसकट बसवलेला फिल्टर

गाडी विकायची ठरली होती आणि गिऱ्हाईक यायच्या आत तिच्यातला कुबट वास घालवायचा होता. एवढ्याशा कामासाठी ती शनिवारी सकाळी दिसेल त्या पहिल्या गॅरेजात शिरली. तिथे वीस मिनिटांत आपण खिदळत बसू असं कुणी सांगितलं असतं, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

गॅरेजवाला तिशीचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. त्याने गाडीतला पंखा सुरू करून झडपेसमोर तळहात धरला.

"केबिन फिल्टर कधी बदललात?"

"तो कुठे असतो?"

"तुमच्या गुडघ्यांसमोर, या कप्प्याच्या मागे. बाहेरची हवा गाळून आत सोडतो. इंजिनाची काळजी सगळे घेतात हो, आत बसणाऱ्याच्या नाकाची कुणी घेत नाही."

"माझं नाक ठीक आहे."

"ते दिसतंच आहे," तो म्हणाला आणि तिला एकाएकी मागचं चाक बघावंसं वाटलं.

त्याने बॉनेटवर दोन खोकी मांडली. एक साधा कागदी, धूळ अडवणारा. दुसऱ्याला कोळशाचा थर, तो वास आणि धूरही अडवतो.

"विकणार असाल तर साधा पुरे. ठेवणार असाल तर कोळशाचा घ्या."

"स्वतःच्याच धंद्याच्या मुळावर उठलात की."

"गिऱ्हाइकाने परत यावं असं वाटत असेल, तर खरं बोलावं लागतं."

"गाडी विकल्यावर मी कशाला परत येईन?"

"तेच तर... म्हणून विकू नका म्हणतोय."

ती हसली. आणि का कोण जाणे, घरातली गोष्ट या परक्या माणसाला सांगून बसली. बाबांनी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अर्ध्या गावाला क्लच आणि ब्रेकमधला फरक शिकवला. आणि मागच्या पावसात त्याच बाबांनी हीच गाडी स्वतःच्याच फाटकावर घातली! "काच धुरकटते गं, पंख्याला जोरच नाही," ते सांगत राहिले. डोळ्यांचे डॉक्टरही म्हणाले, नजर चांगली आहे. पण हिने किल्ली काढून घेतली ती घेतलीच. तेव्हापासून बाबा खिडकीशी बसून असतात. जेवायलासुद्धा दोनदा हाक मारावी लागते.

तेवढ्यात तिला गाडीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, म्हणून ती पाठ फिरवून बोलत उभी राहिली. हे नीट ध्यानात ठेवा, तिची पाठ होती.

"जरा इकडे बघता?"

त्याचा आवाज पार बदलला होता. हातात जुना फिल्टर होता, पांढराशुभ्र.

"हा तर कोराच आहे."

"कोराच आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलेलाच नाही. पिशवीसकट बसवलाय. मग हवा येणार कुठून... आणि काचेवरची वाफ जाणार कशी?"

ती समोरच्या टायरवर मटकन बसली. काच धुरकटत होती. खरंच धुरकटत होती.

"कुठल्या गाढवाने केलं हे?"

त्याने पिशवी उलटी केली. तिच्यावर लाल मार्करने तारीख लिहिली होती, खाली जाडजूड बाण.

"मी," तो म्हणाला. "मोठ्या वर्कशॉपमध्ये होतो तेव्हा. असा बाण मीच काढतो. दिवसाला बारा गाड्या व्हायच्या... पण ते काही कारण नव्हे."

आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, ती या माणसाशी हसत होती!

"नवा बसवा," ती कशीबशी म्हणाली, "आणि माझ्या नजरेसमोरून चालते व्हा."

"गॅरेज माझंच आहे," तो हळूच म्हणाला. "बसवतो. पण तुमच्या घरीही येतो. हे त्यांना मीच सांगायला हवं."

घरी बाबा खिडकीशीच होते. त्याने पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बाबांनी ती पिशवी कितीतरी वेळ चाचपली. मग त्याच्याकडे नाही, लेकीकडे पाहिलं.

"म्हणजे ठके... माझे डोळे ठीक होते?"

"हो, बाबा." तिला रडू आवरेना. "तुम्ही सांगत होतात, मीच ऐकलं नाही. चुकलं माझं."

बाबांनी नुसता हात पुढे केला. तिने त्यावर किल्ली ठेवली.

"दोघंही मागे बसा," गाडीपाशी ते मास्तरांच्या आवाजात म्हणाले. "पुढे बसलं की लोक सल्ले देतात."

गाडी रस्त्याला लागली. वाटेत गिऱ्हाइकाचा पुन्हा फोन आला आणि गाडी विकायची नाही, असं तिने सांगून टाकलं. मग बाबांच्या ताठ झालेल्या मानेकडे बघत ती त्याच्याकडे जराशी झुकली.

"माझी पाठ होती," ती कुजबुजली. "पिशवी खिशात घातली असतीत, तर मला जन्मात कळलं नसतं."

"नसतं."

"मग दाखवलीत कशाला?"

"खिशात घालायचं मनात आलं होतं... पण मग ते खिडकीशीच बसून राहिले असते. आणि मला तुमच्याशी रोज खोटं बोलावं लागलं असतं."

"रोज?"

त्याचे कान लाल झाले. "मला तुम्हाला रोज भेटायचंय... सकाळपासून तेच वाटतंय."

धक्के खाऊन खाऊन ती दमली होती, पण हा वेगळाच बसला. तिने हात त्याच्या हातापाशीच असू दिला.

"मला तुमचा भयंकर राग आलाय," ती म्हणाली. "उद्याही येणार आहे. तेव्हा उद्या पाच वाजता तो ऐकायला घरी या."

"बाबांसमोर?"

"बाबा कशाला असतील घरी?" ती म्हणाली. "ते गाडी घेऊन बाहेर गेलेले असतील."