नळीखालचं फूल

ती दार बाहेरून ओढत होती आणि तो आतून. दोघांनाही वाटलं, दारच अडलंय. शेवटी तिने हात सोडला, तर तो धपकन मागे स्टुलावर! तरण्या वयात साधं दारसुद्धा सरळ उघडत नाही, दुसरं काय.

तिच्या काखेत चादरीत गुंडाळलेली दुनळी बंदूक.

"हात वर करू?" बंदुका दुरुस्त करणारा तो तरुण हसत म्हणाला.

"आधी उठा तर. रिकामी आहे."

बंदूक पणजोबांची. संग्रहालयाला द्यायची होती, पण कुणी घडवली, कुठे, हे पाटीवर लिहायला हवं होतं. त्याने नळीवरून बोट फिरवलं… झोपलेल्या मांजरावरून फिरवावं तसं. शहारा मात्र तिच्या अंगावर आला.

"वरचं हे नाव विकणाऱ्या दुकानाचं. घडवणारा आपली खूण खाली ठेवतो, लाकडाआड. वेळ लागेल… गुरुवारी याल?"

बघता बघता पाच गुरुवार झाले. तेलाचा वास, काचेतून सांडणारं पिवळं ऊन, त्याच्या कपाळावरची ती चुकार बट. तो म्हणायचा, "अजून खात्री नाही…" ती म्हणायची, "सावकाश बघा."

आई काही दुधखुळी नव्हती. "बंदुकीसाठी वेणी तीनतीनदा घालतात होय गं? उत्तर मिळो न मिळो, हा शेवटचा गुरुवार. पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाही!"

त्या गुरुवारी तो बंदूक आणायला आत गेला. टेबलावर वही उघडीच होती. खुणेवर कागद धरून, पेन्सिल घासून उतरवलेलं पाच पाकळ्यांचं फूल. शेजारी कारागिराचं नाव, गाव आणि तारीख… पहिल्या गुरुवारची!

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

त्याचे कान लालबुंद. "सांगितलं असतं, तर तुम्ही परत कशाला आला असता?"

"खोटारडे!"

"बंदुकीपुरता. बाकीचं… अजून बोललोच नाही."

तिने पर्समधून पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. कारागिराने पणजोबांना लिहिलेली. तेच गाव, आणि सहीच्या जागी तेच फूल.

"ही कधी सापडली?"

"दुसऱ्या गुरुवारी," ती खाली बघत म्हणाली. "सकाळीच."

दोघं इतकी हसली की तेलाची बाटली कलंडली.

पाटीचा मजकूर त्याने सुवाच्य अक्षरात लिहून दिला. बंदूक चादरीत गेली. आता थांबायला निमित्त उरलं नाही.

"पुढच्या गुरुवारी आईला घेऊन येते," दाराशी ती म्हणाली. "बाकीचं तिच्यासमोर बोला."

"आणि त्या चिडल्या तर?"

"चिडेलच. मी दार ढकलेन, तुम्ही ओढा… तेवढं जमवा!"