फुटाण्याला कुणी सांगितलं?

सुमेधला एम.एस्सी. झाल्याबरोबर हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो कुत्र्याचा. फुटाणा सुमेधनं माणिकपूरच्या बाजारातून उचलून आणलेला, त्यानंच वाढवलेला. आईला दमा, सोसायटीची रोजची कुरकुर. कॉलेजातला मित्र भूपेश मदतीला धावला. कामणच्या बाजूला खाडीकाठी त्याची शेती, ऐसपैस अंगण, तिथं एक कुत्रा जड नव्हता. पण फुटाण्याला तिथं दोनदा सोडलं आणि तो दोनदा पायी माणिकपूरला परत आला.

"पुन्हा आला तर टेम्पोत घालून भिवंडीपलीकडं सोडीन," वडील म्हणाले. "मग तो आणि त्याचं नशीब."

म्हणून १९९९च्या मे महिन्यात ही सहल निघाली. भूपेशची होडी, तिसरा मित्र संग्राम, फुटाणा आणि भूपेशची काळी कुत्री. खाडीतल्या बेटाबेटांवर उतरायचं, शेवटच्या बेटावर मुक्काम ठोकायचा. त्या वेळात भूपेशच्या हातचं खाऊन फुटाणा त्याला मालक मानेल, असा सुमेधचा हिशोब होता.

फुटाण्याला एक शिस्त होती. अन्न समोर असलं तरी 'घे' ऐकल्याशिवाय तो तोंड लावत नसे. पहिल्या बेटावर, मोडक्या मिठागराच्या बांधावर बसून भूपेशनं त्याला भाकरी टाकली. "घे," तो म्हणाला. फुटाण्यानं सुमेधकडं पाहिलं. सुमेधनं 'घे' म्हटल्यावरच खाल्ली. दुसऱ्या बेटावर तिवरांच्या सावलीत तेच.

"कुत्रा आहे का सरकारी फाईल?" संग्राम म्हणाला. "साहेबाची सही झाल्याशिवाय हलत नाही!"

"घरी नेऊन बांधू का सरळ?" भूपेशनं विचारलं.

"दोर कुरतडतो," सुमेध म्हणाला. त्याला हसू आलं नाही.

तिसरं बेट उंच होतं. चिखल ओलांडला की कडक जमीन, मध्ये एकच जुनं करंजाचं झाड. प्लास्टिकची पिशवी नाही, विडीचं थोटूक नाही, चुलीचा काळा दगडसुद्धा नाही. सुमेधला याचं नवल वाटलं. ऊन उतरलं तेव्हा भूपेशनं दगड मांडून भात आणि सुक्या बोंबलांचं कालवण शिजवलं. मग कुणाला वाढायच्या आधी केळीच्या पानाच्या तुकड्यावर मूठभर भात घेऊन तो करंजाच्या बुंध्याशी ठेवून आला.

"हे काय?"

"आमच्या घरची पद्धत. बेटावर शिजवलं की पैला घास इथला."

"इथला म्हणजे कोणाचा?"

"ते इचारायचं नाय," भूपेश हसत म्हणाला आणि भरतीचं पाणी चढत होतं म्हणून होडीचा दोर बघायला गेला.

सुमेधला ही संधी वाटली. भात भूपेशनं ठेवलेला, भूपेशच्याच हातचा. त्यानं फुटाण्याला पानासमोर बसवलं आणि हाक मारली, "भूपेश, याला 'घे' म्हण!"

भूपेश पळतच आला. "अरे, ते मी दिलंय! आता माझं नाय ते. मी कसा 'घे' म्हनू?"

"मग कोण म्हणणार?"

सुमेध पान उचलायला वाकणार, तेवढ्यात फुटाण्यानं कान टवकारले. त्यानं मान वर केली आणि बुंध्याच्या डावीकडं पाहिलं. तिथं काही नव्हतं. सुमेधच्या तोंडाकडं बघत तो जसा थांबायचा, तसा तो थांबला. मग शांतपणे खाली वाकून त्यानं भात खाल्ला, पान चाटून स्वच्छ केलं.

"तू म्हणालास?" सुमेधनं संग्रामला विचारलं.

"मी? मी कालवणाकडं बघत होतो रे."

भूक असेल. वाऱ्यावर कसला वास आला असेल. सुमेधच्या मनानं कारणं भराभर मांडली. पण काळी कुत्रीही दूर जाऊन बसली होती आणि तिचं तोंडही बुंध्याच्या डावीकडंच होतं. दोघांच्या नजरा जिथं मिळत होत्या ती जागा जमिनीपासून दीडेक हात वर. मांडी घालून बसलेल्या माणसाचा चेहरा असतो, साधारण तेवढ्या उंचीवर.

एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नसतो. सुमेधनं बिस्कीट टाकलं आणि स्वतः म्हणाला, "घे."

फुटाणा हलला नाही.

"फुटाण्या, घे!"

फुटाण्यानं बुंध्याकडं पाहिलं. थांबला. मग बिस्कीट उचललं.

सुमेधनं उरलेली बिस्किटं सॅकमध्ये टाकली. वाटलं ती भीती होती की मत्सर, त्याला कळेना.

सकाळी ओहोटी लागली. "लवकर, होडी रुतेल," भूपेश म्हणाला. हाका मारूनही फुटाणा झाडाखालून उठेना. मग एकाएकी उठला आणि सरळ न येता हळूहळू, वळसा घेत आला, कुणाच्या तरी चालीनं चालावं तसा. पाण्याशी थांबून त्यानं वर पाहिलं. या वेळी बरंच वर. मग होडीत उडी मारली.

होडीची मधली फळी रिकामी राहिली. तिथं बसू नका, असं कुणीच म्हटलं नव्हतं. संग्रामनं वाटेत एकही विनोद केला नाही आणि काठाला लागल्यावर पहिल्या एसटीनं निघून गेला.

सुमेधची रिक्षा भूपेशच्या घरासमोर रस्त्यावर उभी होती. सॅक शेजारच्या सीटवर टाकून तो बसला. फुटाणा अंगणातून धावत आला, तेव्हा त्याला वाटलं, संपलं, हा मागे येणार आणि वडील टेम्पो बोलावणार.

"थांब," त्याचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

फुटाण्यानं त्याच्याकडं पाहिलंच नाही. तो सॅकच्या वर, मोकळ्या जागेकडं बघत होता. कान खाली पडले. शेपटी एकदा हलली. मग मुकाट्यानं तो भूपेशच्या पायाशी जाऊन बसला.

"राहिला बघ!" भूपेश आनंदानं ओरडला. "ऐकलं तुझं!"

रिक्षा निघाली. फुटाणा जागचा उठला नाही. जे व्हायला हवं होतं ते झालं होतं. सुमेध बराच वेळ समोरच्या रस्त्याकडं बघत राहिला.

कामण नाक्याच्या पुढं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, त्यानं शेजारची सॅक उचलून मांडीवर घेतली आणि थोडा बाजूला सरकला.