नऊ जणांचं आडनाव

तुम्हाला माहीत होतं. ज्यांनी ते आडनाव आयुष्यभर वागवलं, ज्यांनी ते दर दहा वर्षांनी मोजून रजिस्टरात लिहिलं, त्या तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि एकालाही ते वेळेवर, सरळ शब्दांत सांगावंसं वाटलं नाही. सांगितलंत ते कसं? मान खाली घालून, अर्धं वाक्य बोलून, चहाचा कप पुढे सरकवत. अशाने कुणी ऐकतं का?

ताई जिवंत आहे. बाळही. भावोजीसुद्धा. तेव्हा ‘मग तक्रार कसली?’ असं विचारू नका, तेच तर सांगायचंय. आडनाव मात्र मी लिहिणार नाही. हल्ली मी ते कुठेच लिहीत नाही.

मी आडनावांच्या दुकानात काम करत होते. पाटीवर ‘वंश-संशोधन केंद्र’ असं होतं, पण दुकानच ते. गिऱ्हाईक आपलं आडनाव देणार, आम्ही पंधरा दिवसांत गुळगुळीत कागदाची पुस्तिका देणार. तीन प्रकरणं : उगम, अर्थ, संख्या. उगमात पूर्वज शूर. अर्थात तर पूर्वज आणखीनच शूर. इतिहासाची पदवी घेऊन मी त्या खुर्चीत बसले होते आणि दिवसाला चार शूर पूर्वज पाडत होते. एकदा चिडून एका आडनावाचा खरा अर्थ लिहिला, ‘गटारं उपसणारे’. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “अहो, जलव्यवस्थापक लिहा की,” ते म्हणाले. गिऱ्हाईक खूश झालं. चौकटीत लावून भिंतीवर टांगतो म्हणालं. अशा लोकांची मला कीव येत नसे, किळस येत असे.

प्रामाणिक प्रकरण एकच, संख्येचं. ते भिंग करत असत. भिंग म्हणजे आमच्यातले सगळ्यात वयस्कर सहकारी. जुन्या जनगणनेची रजिस्टरं दिवसभर भिंगातून वाचायचे, म्हणून हे नाव. त्यांच्या टेबलाशी कुणी फिरकत नसे. मला ते आवडायचे, कारण ते मोजायचे आणि गप्प बसायचे.

ताईला मुलगी झाली त्याच्या चौथ्या दिवशी, दुपारी, मी तिच्या सासरी गेले. ताई आतल्या खोलीत झोपली होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर जन्मनोंदणीचा अर्ज पडला होता आणि त्याच्या दोन बाजूंना भावोजी आणि त्यांच्या आत्याबाई बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे त्या घरातलं शेवटचं वडीलधारं माणूस. भावोजी भिंतीकडे बघत होते. तो त्यांचा आवडता उद्योग.

“बरी आलीस,” आत्याबाई म्हणाल्या. “तुझं अक्षर चांगलंय. आडनावाच्या रकान्यात तुमच्या माहेरचं आडनाव घाल. तात्पुरतं.”

“तात्पुरतं का?”

“जागा नाही अजून.”

हे शब्द मी आधी ऐकले होते. लग्नानंतर ताईच्या नावाचे कागद आठ महिने अडकून पडले होते, आणि मग एक दिवस आत्याबाईंचा फोन वाजला. दूरच्या गावातले कुणी चुलते गेले होते. ‘जागा झाली,’ असं त्या फोन ठेवताना म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी भावोजी दारात उभे. मला तेव्हा वाटलं होतं, कसल्यातरी सरकारी कोट्याची भानगड असेल.

“आत्याबाई, आडनाव म्हणजे काय बसमधलं बाक आहे?”

त्या हसल्या नाहीत. “बाक नाही, होडी,” त्या म्हणाल्या. “नऊ जणांची. दहावा चढला की एक जातो. कोण, ते आपल्या हातात नसतं. ते आम्ही सोसलंय. पण नवाचे आठ कधी होऊ दिले नाहीत. कुणी गेलं की फोन करायचा आणि त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या सकाळी, जागा भरायची. रिकामी ठेवायची नाही.”

“ठेवली तर?”

“जिला तेव्हा चढू दिलं नाही ना… ती अजून काठाला धरून आहे, पोरी.”

मी भावोजींकडे बघितलं. इंजिनिअर माणूस. पूल बांधतो. मला वाटलं, निदान ओशाळेल तरी. ते उठले आणि बेसिनचा नळ घट्ट बंद केला. तो आधीच बंद होता.

दुसऱ्या दिवशी मी भिंगांच्या टेबलाशी गेले. हेतू सरळ होता : आकडे काढायचे, आत्याबाईंच्या तोंडावर फेकायचे. भिंगांनी आडनाव ऐकलं आणि थोडा वेळ काचच पुसत बसले.

“हे मी एकदा काढलंय,” ते म्हणाले. “कुणी मागितलं नव्हतं. असंच.”

पाच जनगणना, पन्नास वर्षं. त्यांनी पाच पानांच्या प्रती ओळीने मांडल्या. नऊ. नऊ. नऊ. नऊ. नऊ.

“आळशी कारकून,” मी म्हटलं. “मागचा आकडा उतरवलाय.”

“माणसं वेगळी आहेत. गावं वेगळी. दोन तर अशी, की त्यांना बाकीच्यांचा पत्ताही नसावा.” त्यांनी भिंग एका पानाच्या तळाशी सरकवलं. “आणि हे बघ.”

नवव्या नावाखाली एक ओळ होती. म्हणजे कधीतरी होती. तिथली शाई फुटून निळसर डाग झाला होता, ओल्या बोटाने कुणी पुसावं तसा. आजूबाजूची अक्षरं कोरडी, रेखीव. पाचही पानांवर, पाच वेगळ्या कार्यालयांतल्या पानांवर, नवाच्या खाली तोच डाग.

“छतं गळतात,” मी म्हटलं.

“हो,” भिंग म्हणाले. “गळतात.” आणि त्यांनी पानं इतक्या हळू गोळा केली की मला त्यांचाही राग आला.

उगम आणि अर्थ मी स्वतः शोधले. एका जुन्या पाहणी-अहवालात दोन परिच्छेद मिळाले. नावाड्यांचं घराणं. महापुराच्या रात्री एका होडीत नऊ जण चढले. दहावी, घरातलीच सून, पाण्यात राहिली आणि काठ धरून लोंबकळू लागली. होडी कलायला लागली. तेव्हा नवांपैकी कुणीतरी तिची बोटं एकेक करून सोडवली. वाचलेल्यांना गावाने जे नाव ठेवलं तेच पुढे आडनाव झालं. त्याचा अर्थ ‘वर राहिलेले’. आमच्या पुस्तिकेत मी याचं ‘संकटातून तरून जाणारे धैर्यवान’ असं केलं असतं, साहेबांनी पाठ थोपटली असती.

मला त्या नऊ जणांची शिसारी आली. आणि त्यांच्या वंशजांची जास्त. एका बाईची बोटं सोडवली, ते कबूल करायचं सोडून तिचीच भीती पिढ्यान्‌पिढ्या वाढवत बसलेत! आणि त्यापायी माझ्या भाचीला बापाचं नाव नाही. हे मी चालू देणार नव्हते.

अर्ज मी भरला. माझ्या चांगल्या अक्षरात, बापाचं आडनाव. भावोजी पुलाच्या कामावर होते, तिथे जाऊन समोर धरला. “सही करणार आहात, की मुलीला मोठेपणी सांगणार, की तुझा बाप एका म्हातारीला घाबरला?”

त्यांनी सही केली. पेन परत देताना म्हणाले, “तू माझं कधीच ऐकून घेत नाहीस.”

“तुम्ही कधी काही बोलता का?” मी म्हटलं आणि निघाले.

नोंदणी कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीत एक ठेंगणे कारकून बसत. शर्टाच्या खिशात दोन शिक्के, तोंडात बडीशेप. त्यांनी अर्ज घेतला, टप्पकन शिक्का मारला. “दुर्मिळ आडनाव,” ते म्हणाले. “आता दहा झाले बघा तुमचे, आमच्या संगणकात.” मला विजयी वाटलं.

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी ताई म्हणाली, “पाळण्याची ही बाजू ओली कशी होते गं सारखी?”

मी हात लावला. लाकडी कठड्यावर चार ओले ठिपके, एका ओळीत. पुसले. बाटली सांडली असेल. तासाभराने परत चार, आणि आतल्या बाजूने, खालच्या अंगाला, पाचवा. काठ पकडला की अंगठा जिथे येतो तिथे. उन्हं खोलीभर पसरली होती, रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, आणि त्या उजेडात गाळाचा वास येत होता, जुन्या विहिरीत वाकल्यावर येतो तसा. पाळणा हलत नव्हता. फक्त एका बाजूला कलला होता. अगदी थोडासा.

“ताई,” मी म्हटलं, “बाळाला तुझ्याजवळ घे.”

“का गं? झोपलीय ती…”

“घे म्हणते ना.”

तिने उचललं. दुपट्याचं एक टोक पाळण्यातच अडकून राहिलं. ताईने ओढलं तर ते सुटेना. मग सुटलं, सोडून दिल्यासारखं, आणि त्यातून पाणी ठिबकलं. ताईच्या ओठांचा रंग गेला. तिने बाळ इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

मी पुरावे मानते. पुरावा माझ्या तळहातावर होता, थंडगार, चिकट. दहापैकी एक जाणार होतं, आणि ती दहावी नोंद माझ्या अक्षरातली होती. बाळ, किंवा ताई, किंवा ज्याला मी चार दिवसांपूर्वी भेकड ठरवलं तो माणूस.

पण माझं डोकं चालत होतं, आणि त्याचा मला तेव्हाही अभिमान वाटला. आडनाव कागदावर चढतं, तर कागदावरून उतरतंही. ताईने माहेरचं आडनाव परत घ्यायचं. दहाचे नऊ. कुणी मरायला नको. इतक्या पिढ्यांत एवढी साधी गोष्ट एकाही मुखदुर्बळाला सुचली नव्हती! ताईने सही केली. “यांना फोन करू का आधी?” तिने विचारलं.

“कशाला? ते काय करणार आहेत? भिंतीकडे बघतील.”

कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं होती. तीन नंबरच्या खिडकीपुढे कुणी नव्हतं. फरशीवर नुकतंच पुसल्यासारखं पाणी होतं, दारापासून खिडकीपर्यंत, एका पट्ट्यात. कारकुनांनी ताईचा नावबदल वाचला, माझ्याकडे बघितलं, बडीशेप चावली, आणि शिक्का मारला. टप्प.

मी खिडकीच्या कट्ट्याला धरून श्वास सोडला.

“झाले ना नऊ?” मी म्हटलं. “बघा जरा संगणकात.”

“नऊ कुठले?” ते म्हणाले. “तुमच्या बहिणीचे मिस्टर जेवणाच्या सुट्टीआधीच येऊन गेले. मुलीचं आडनाव बदलून आईच्या माहेरचं करून घेतलं. घाईत होते बिचारे. तुम्हाला बोलले नाहीत?”

कट्टा धरलेल्या माझ्या हाताशेजारी, लाकडावर, चार ओले ठिपके होते. ते माझ्या बोटांचे नव्हते.

“म्हणजे आता… आठ,” मी म्हटलं.

“आत्ता, शिक्का पडला तेव्हा झाले. पण काळजी नको, नऊ होतील परत,” ते खिडकीची झडप खाली ओढत म्हणाले. “तुमच्याच घरातल्या एक बाई दुपारपासून बाकावर बसून होत्या, जागा होईल म्हणून अर्ज आधीच देऊन ठेवलाय त्यांनी. इतका भिजलाय, की मी तो पंख्याखाली वाळत घातलाय. वाळला की मारतो शिक्का.”