हल्ला नेहमी वरूनच

सगळा दोष त्या फाशाचा. मास्तरने टाकला जरा जोरात, तो टेबलावरून उडाला, गॅलरीच्या कठड्यावरून थेट खाली... आणि खालून आवाज आला, "आई गं!"

मास्तर कठड्यावरून वाकला. खालच्या मजल्याच्या गॅलरीत एक मुलगी ओले केस पुसत उभी होती. एक हात डोक्यावर, नजर वर – आणि ती नजर अशी, की वर्गभर पोरांना गप्प बसवणाऱ्या मास्तरचीच बोबडी वळली.

"ल... लागलं का?"

"नाही, कुरवाळलं!"

"माफ करा हं... पण जरा सांगता का, किती पडले?"

ती बघतच राहिली. मग पायाशी पडलेला वीस तोंडांचा फासा तिने वाकून पाहिला. "सतरा."

"सतराला वार बसतोच. मग लागलंच असणार," मास्तर खेळाच्या भाषेत बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

पण ती हसली हो! फासा द्यायला वर आली, ती शनिवारच्या खेळातच बसली. शहरात नवी होती, चष्म्याच्या दुकानात कामाला. "जेवलीस का गं?" मास्तरच्या आत्याने दारातच विचारलं, आणि तिचं पाऊल उगाचच उंबऱ्यावर अडलं. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं – खालची.

खेळ काय, तर कल्पनेतली मोहीम. टेबलाशी बसलेला प्रत्येकजण कुणीतरी होतो. आत्या कुऱ्हाडवाली सरदारीण, शेजारचे दातांचे डॉक्टर मांत्रिक. गुहा, जंगलं, राक्षस – हे सगळं सांगणारा सूत्रधार मास्तर, तोही उभ्याने. शाळेची सवय, बसून त्याला बोलताच यायचं नाही. नियम एकच, पण कडक. तोंडाने बोललात तेच घडलं. मनातलं मनात राहिलं, तर ते घडलंच नाही.

आणि मास्तरची खोडही एकच. हल्ला नेहमी वरून! कधी फांदीवरचे दरोडेखोर, कधी छताला चिकटलेला कोळी. बिचारी मंडळी दारं तपासायची, फरशी ठोकून बघायची, आणि वरून धप्पकन मरण यायचं.

"मेल्या, पुन्हा वरूनच?" आत्या करवादायची.

खालची मात्र पहिल्याच गुहेच्या तोंडाशी म्हणाली, "मी आधी वर बघते."

"का बरं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आजच अद्दल घडलीये."

कोळी दिसला! तिने मशाल वर फेकली, डॉक्टरांना भिंतीला पाठ लावून उभं केलं, आत्याने ढाल डोक्यावर धरली... आणि मंडळी पहिल्यांदाच जिवंत बाहेर आली.

मग दर शनिवारी तेच. "मी वर बघते," ती म्हणायची, आणि खरोखरच मान वर करून बघायची. वर कोण? तर उभा असलेला मास्तर. कोळ्याला पाय किती, तेच तो विसरायचा. मनातल्या मनात त्या फाशाचे आभार मानायचा. राक्षसांच्या डरकाळ्या खुशाल फोडणारा हा पठ्ठ्या, स्वतःचं एक वाक्य काही त्याच्या घशाबाहेर येईना.

आणि एका शनिवारी ती म्हणाली, "मालक मला दुसऱ्या गावच्या दुकानात पाठवतायत. उद्या उत्तर द्यायचंय."

"चांगली... चांगली संधी आहे," मास्तर म्हणाला. आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

खेळ सुरू झाला. अंधारी गुहा. मास्तर सवयीने थांबला. खालचीची नजर टेबलावरच.

"मी पुढे चालते," ती म्हणाली.

"गुहा... फार उंच आहे."

"बरं."

"वरून कुजबुज ऐकू येतेय..."

"येऊ दे. मी पुढे चालते."

"आता चोरच दवंडी पिटायला लागला!" डॉक्टर हसले.

मास्तरला हल्ला करवेना. फासा हातातच राहिला. "वर बघ ना गं..."

इतक्या दिवसांचं 'तुम्ही' कुठे गळून पडलं, त्यालाही कळलं नाही.

"का बघू?" तिने नजर न उचलता विचारलं.

"आधी ती खोड होती माझी. आता तू वर बघावंस म्हणून हल्ले करतो. आज बघितलं नाहीस... तर मला गुहाच दिसेना."

"आणि बाकीचं? बोललं नाही ते घडलं नाही, मास्तर. तुमचाच नियम."

मास्तरने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मला तू आवडतेस. फार. जायचं असेल तर खुशाल जा, मी तिकडे येत जाईन. पण मी बोललोच नाही, असं नको व्हायला."

तेव्हा कुठे तिने मान वर केली. डोळे भरलेले, ओठांत हसू.

"मालकांना मी कालच नाही म्हणून सांगितलंय. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते मी, पण जेवलीस का, हे या शहरात मला फक्त या घराने विचारलं. हे सोडून कुठे जाऊ?"

"मग... ते उद्या उत्तर द्यायचं?"

"दबा धरला होता. तुझ्याकडूनच शिकले."

आत्याने टेबलावर थाप मारली. "घ्या! आम्ही आपले ढाली डोक्यावर धरून बसलोय, आणि हल्ला झाला खालून!"

मास्तर पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसला, तिच्या शेजारी. तो फासा त्याने तिच्या तळहातावर ठेवला आणि मूठ अलगद मिटली.

"लागलं का?" तिने हळूच विचारलं.

"लागलं," मास्तर म्हणाला. "देव भलं करो तुझं... चांगलंच लागलं."